एकशे एकतीस जणांसाठी एक तास

परिषदेच्या कार्यक्रमातून कमलिनी लांजेवारचा तास तिसऱ्यांदा कापला गेला. लॅपटॉपच्या पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत ती स्वतः होती, मागे भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या तिच्या दुकानाची भिंत आणि त्या भिंतीवर सळयांच्या एका व्यापाऱ्याचं कॅलेंडर. दुसरीत भूपेंद्र होता, जुनवानीच्या फ्लॅटमध्ये, कानांवर मोठे हेडफोन लावून. तिसरीत समृद्धी, जी पोस्टर आणि बिल्ले बनवणार होती आणि मीटिंगभर मान हलवायची. चौथीत पुण्याचे धनंजय साने.

"कमलिनीताई, तुमचा मुद्दा समजतोय मला," धनंजय म्हणाले. "पण आपलं सूत्र काय? आधी श्रोता, मग विषय. आपल्याला आवडतो म्हणून विषय ठेवायचा नाही. कोण येतंय ते बघायचं, आणि त्याला काय लागतं ते द्यायचं."

"तेच तर मी…"

"दोनशे अकरा नोंदण्या आहेत. त्यातले एकशे एकतीस स्टील प्लांटचे. बासष्ट टक्के! मला तर कौतुक वाटलं. अशा माणसांना एकट्याने चालवलेल्या छोट्या साइटचं काय करायचंय? त्यांना मोठ्या संस्थेतलं वेब हवं. सुरक्षा, परवानग्या, शेकडो लोक एकाच साइटवर कसे काम करतात, ते."

भूपेंद्र म्हणाला, "दीदी, डेटा है. डेटा से कौन लड़ेगा?"

कमलिनीने मान हलवली. समृद्धीनेही हलवली. मीटिंग संपली आणि चौकटी एकेक करून विझल्या.

भिलाईत अशी परिषद पहिल्यांदाच भरत होती. वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळणारं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. ज्यांना ते येतं ते त्यात भर घालतात आणि वर्षातून एकदा, एखाद्या शहरात, एक दिवस जमून एकमेकांना शिकवतात. ती परिषद भिलाईला आणण्यासाठी कमलिनीने दोन वर्षं पत्रं लिहिली होती. मंजुरी आली तेव्हा कळलं की मुख्य आयोजक असा लागतो ज्याने आधी दोन परिषदांमध्ये काम केलं आहे. तो भूपेंद्र निघाला. तिच्याकडे कार्यक्रम आला: कोण येणार ते ओळखायचं, त्यांच्यासाठी विषय निवडायचे. पुण्याहून धनंजय साने मार्गदर्शक म्हणून नेमले गेले, आणि प्रत्येक विषय त्यांनी हो म्हटल्यावरच पक्का व्हायचा.

तिला एकच तास हवा होता. बाकीचा सगळा दिवस त्यांनी कशानेही भरावा. एक तास तिच्यासारख्यांसाठी. तिने विषयाला नावही दिलं होतं, 'साइट बंद पडली, आता काय?' ज्यांच्या मागे कंपनी नाही, वरिष्ठ नाही, विचारायला शेजारचं टेबल नाही, आणि रविवारी सकाळी ग्राहकाचा फोन येतो की साइट उघडत नाही, अशांसाठी. अशी माणसं किती आहेत हे तिला माहीत होतं. पॉवर हाउस भागातल्या बाजारातून एक चक्कर मारली तर चार भेटतात.

पण नोंदण्यांच्या शीटमध्ये अशी माणसं नव्हती. शीटमध्ये प्लांट होता.

कमलिनीचे वडील देवाजी लांजेवार साकोलीजवळच्या एका खेड्यातून एकाहत्तर साली भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये लागले. ती सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये जन्मली, वाढली. बी.एस्सी. केलं, मग कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही. आई शकुबाई गेली त्याच वर्षी देवाजी रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि बापलेक कॅम्प-१ मधल्या एका गल्लीत दोन खोल्यांच्या घरात आले. पुढच्या खोलीत तिने एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर मांडला. सुरुवातीला लग्नाचे बायोडाटा टाइप करायची, लोकांचे सरकारी अर्ज भरायची. मग एका मंडप डेकोरेशनवाल्याने विचारलं, "मॅडम, वो वेबसाइट होती है न, वो बनेगी?" तिने हो म्हटलं आणि रात्री नाही, दिवसाढवळ्या, गिऱ्हाईकं समोर बसलेली असताना, तिने ते सॉफ्टवेअर उघडून शिकायला घेतलं. पहिली साइट बनायला पाच आठवडे लागले. आता तेवीस साइट तिच्या हाताखाली होत्या: तीन कोचिंग क्लास, दोन दातांचे डॉक्टर, एक ट्रान्सपोर्ट कंपनी, एक देवस्थान, असं काय काय. पंधरा वर्षांत तिने कुणाला आपण डेव्हलपर आहोत असं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर, "हेच आपलं, कॉम्प्युटरचं."

मीटिंग संपल्यावर तिने शीट उघडली. नावं खाली सरकत गेली. संस्था या रकान्यात तेच ते, भिलाई स्टील प्लांट: बी.एस.पी., कोक ओव्हन. बी.एस.पी., प्लेट मिल. बी.एस.पी., ब्लास्ट फर्नेस. तिला चीड आली ती या माणसांची. काय करायचंय यांना वेबसाइटशी? ड्युटी करा, घरी जा. मग अकराव्या ओळीवर तिचा हात थांबला.

नाव: कमलिनी देवाजी लांजेवार. संस्था: बी.एस.पी., रेल मिल (रिटायर्ड).

तिने स्वतः भरलं होतं. फॉर्म सुरू झाला त्याच दिवशी, घाईत, चहा गाळता गाळता, फोनवर. तिला आठवतही नव्हतं.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिला हसू आलं, आणि हसू संपायच्या आत राग. भिलाईत जन्मलेल्या माणसाने आयुष्यभर एकच फॉर्म भरलेला असतो. शाळेचा असो, हॉस्पिटलच्या पुस्तकाचा असो, वाचनालयाचा असो, पोहण्याच्या तलावाचा असो. आधी आपलं नाव, मग ज्याच्यामुळे आपण इथे आहोत त्याचं डिपार्टमेंट आणि नंबर. बाप रिटायर होतो, क्वार्टर जातं, बाप मरतोही. हाताला वळण लागलेलं असतं ते राहतं. संस्था म्हटलं की हात बापाचं डिपार्टमेंट लिहितो. त्या एकशे एकतीस जणांतले किती जण तिच्यासारखे होते?

तिने भूपेंद्रला फोन केला.

"दीदी, ऐसा कौन करता है?" तो म्हणाला. "मैंने तो अपनी कंपनी लिखी."

"तेरे पापा प्लांट में डी.जी.एम. थे, भूपेंद्र. तूने ज़िंदगी में अपना फॉर्म खुद भरा है कभी? ऑफिस से भरके आता था."

"अब ये कहाँ से आ गया बीच में?"

"वहीं से आया जहाँ से तेरा बासष्ट टक्का आया."

"दीदी, आप एक काम करो. शांत दिमाग से सोचो. एक आपने गलत भर दिया, इसका मतलब सबने?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. एका ओळीवरून काही सिद्ध होत नाही. तिने विचारलं, "सबको फोन करूँ तो मानेगा?"

"एक सौ इकतीस लोगों को?" तो हसला. "करो न. मैं तो कहता हूँ करो."

चार दिवस ती फोन करत होती. सकाळी अकरा ते दुपारी चार, दुकानात गर्दी नसते तेवढ्यात. पहिल्या दिवशी निम्म्यांनी तिला क्रेडिट कार्डवाली समजून फोन कापला. मग तिने सुरुवात बदलली: "नमस्ते, मैं कैंप-१ से कमलिनी बोल रही हूँ." कॅम्प-१ म्हटलं की लोक थांबत. क्रेडिट कार्डवाली कॅम्प-१ मधून बोलत नाही.

चंदन नावाचा एक जण निघाला, तिच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि वर चौदा कोचिंग क्लासच्या साइट.

"मेरे पापा थे न सिंटर प्लांट में," तो म्हणाला. "मेरा क्या है दीदी, मेरी कोई संस्था थोड़ी है. मैं तो बस काम करता हूँ."

"साइट बंद पड़े तो क्या करना है, इस पर एक घंटा रखा, तो आएगा न?"

"हाँ हाँ. सर्टिफिकेट मिलेगा?"

"मिलेगा. पर वो विषय चाहिए न तुझे?"

"चाहिए, क्यों नहीं चाहिए," चंदन म्हणाला, पण अशा आवाजात की समोरच्याला वाईट वाटू नये. "वैसे साइट तो मैं खड़ी कर लेता हूँ, दीदी. उसमें क्या है."

दयाराम नावाच्या एका गृहस्थांनी फोन उचलताच सांगितलं, "मी खराखुरा प्लांटचा हावो बाई, पन आता भूतपूर्व. भूतपूर्व चालते का तुमच्यात?"

"चालतं काका. तुम्ही कावून येऊन राहिले?"

"आमच्या समाजाच्या पोरापोरींचा परिचय मेळावा असते. पुस्तक छापतो दरसाली. कोनी वाचत नाई. साइट पायजे. मले येक दिवसात शिकवता का?"

"एका दिवसात नाही येणार काका."

"मंग दीड दिवसाची ठेवा ना परिषद!"

ती हसली. त्या चार दिवसांत ती हसली ती तेवढीच.

भिलाईबाहेरच्या अहिवाऱ्याची हर्षा तिसऱ्या दिवशी लागली. फोनवर मागे मिक्सर चालू होता, मग बंद झाला. सासऱ्याचं डिपार्टमेंट लिहिलं होतं तिने. दोन शाळा, एक सिमेंटच्या पोत्यांचा डीलर आणि चुनखडी वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची एक संघटना, एवढ्यांच्या साइट ती घरून बनवत होती, बऱ्याचशा फोनवरूनच.

कमलिनीने तिला आपला विषय सांगितला. तोवर तो शंभरदा सांगून तिच्या तोंडात गुळगुळीत झाला होता.

"ताई, थे तर मी करते," हर्षा म्हणाली. "बॅकअप घेते, जुनी चढवते, होते चालू. मले दुसरंच विचाराचं हाये. विचारू का?"

"विचार ना."

"हे काम किती वर्ष चालते?"

"कोणतं काम?"

"हेच. आपलं. मागच्या महिन्यात शाळेच्या सरांच्या भाच्यानं मोबाइलवर बोलून साइट बनवली. टाइपबी नाई केलं त्यानं. नुसतं सांगतलं, अशी पायजे, आन् बनली. सर मले दाखवत होते. चांगली होती ताई. माझ्यापेक्षा चांगली होती." मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मी आठ वर्ष शिकून राहिली. आता अजून शिकू का नोको, एवढंच सांगा."

कमलिनीला वाटलं, आपण काहीतरी धीराचं बोलावं. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की ती जे बोलणार होती ते तिने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं होतं. ती म्हणाली, "मी लिहून घेते."

तिने शीटमध्ये एक नवा रकाना केला आणि त्यात लिहिलं, 'किती वर्षं?'

मग मागे जाऊन तिने आधीचे कागद पाहिले. फोन करताना ती एका वहीत खरडत होती, आणि माणसं जे बोलली ते तिथे होतं, तिने फक्त वाचलं नव्हतं. 'साइट खड़ी कर लेता हूँ.' 'दूसरा कुछ सीखना है.' 'जॉब मिलेगा क्या, कंपनीवाले आएँगे?' 'भाई बोलता है छोड़ दे.' तिच्या विषयाला सगळे हो म्हणाले होते. हवा मात्र तो कुणालाच नव्हता. सहा वर्षांपूर्वी, देवस्थानची साइट ऐन यात्रेत बंद पडून ट्रस्टी तिच्या दारात येऊन उभे राहिले होते, तेव्हा जो तास तिला स्वतःला हवा होता, तो तास ती लोकांना देऊ पाहत होती. धनंजय सान्यांच्या शीटमध्ये प्लांट होता. तिच्या शीटमध्ये ती एकटी होती.

हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिला वाटलं नाही. तीन आठवडे ज्याच्यासाठी भांडलो ते आपल्या हातातच फुकट होतं, आणि ज्यांच्याशी भांडलो ते तरीही चूकच होते. एवढी गैरसोय तिला सोसवेना. तिने उरलेले फोन केले ते जवळजवळ रागारागाने. आता ती विषय सांगत नव्हती. ती विचारत होती, "तुम्हाला काय पाहिजे?" लोक आधी गोंधळत. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अर्ज भरायला लावले होते. मग बोलत. एकशे चार जण लागले. त्यातले सत्तेचाळीस जण या ना त्या वाटेने त्याच एका प्रश्नाशी येऊन थांबले.

बुधवारी मीटिंग झाली. कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी सहाला जाहीर व्हायचा होता.

"एकशे चार जणांशी बोलले," कमलिनी म्हणाली. धनंजयांशी बोलताना ती पुस्तकातलं मराठी बोलायची आणि प्रत्येक वाक्यानंतर तिला थोडी धाप लागायची. "स्वतः प्लांटमध्ये नोकरीला असलेले नऊ. निवृत्त दोन. उरलेले त्र्याण्णव जण छोट्या साइट बनवतात. त्यांनी वडिलांचं, सासऱ्यांचं, नवऱ्याचं डिपार्टमेंट लिहिलं आहे. इथे तशी पद्धत आहे."

भूपेंद्रने हेडफोन काढले. समृद्धीने मान हलवली नाही, ती म्हणाली, "मी पण पप्पांचंच लिहिलंय. मला वाटलं तेच विचारलंय."

"विलक्षण आहे हे," धनंजय म्हणाले. "ताई, फार मोलाचं काम केलंत. खरंच. हे आपण पुढच्या आयोजकांसाठी लिहून ठेवलं पाहिजे."

एवढ्या मीटिंगांनंतर कमलिनीला कळू लागलं होतं की नकाराच्या आधी कौतुक येतं.

"आता अडचण अशी, की मोठ्या संस्थांवर बोलणारे वक्ते ठरले आहेत. बेंगलोरहून दोघं येतायत. ते तर बदलता येणार नाही. पण," आणि इथे त्यांनी बोट वर केलं, "हॉल दोनमधला साडेअकराचा तास रिकामा झालाय. एका वक्त्याने येत नसल्याचं कळवलंय. तो तुमचा. सांगा, काय ठेवूया?"

तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला बरं वाटेल. ती म्हणाली, "विषयाचं नाव: 'हे काम किती वर्षं चालेल?'"

समृद्धीने ते लिहून घेतलं.

"वक्ता?" धनंजयांनी विचारलं.

"वक्ता नको. खुर्च्या गोल मांडायच्या. एक माइक. सत्तेचाळीस जणांनी हेच विचारलंय. त्यांना एकमेकांना भेटू दे. प्रत्येकाला वाटतंय की आपल्या एकट्यालाच…"

"दीदी," भूपेंद्र म्हणाला, "कॉन्फरन्स है, शोकसभा नहीं."

"तुझी नोकरी आहे भूपेंद्र."

"अरे तो नौकरी क्या हमेशा रहेगी? मुझे डर नहीं लगता क्या? पर मैं डर का टाइमटेबल नहीं बनाता."

हे तो रागाने बोलला, आणि बोलून स्वतःच दचकल्यासारखा झाला. पुन्हा हेडफोन चढवले.

धनंजय समजुतीच्या स्वरात म्हणाले, "ताई, प्रश्न खरा आहे. मी नाही म्हणत नाही. पण परिषदेत माणूस प्रश्न घेऊन येतो आणि उत्तर घेऊन जातो. आपल्या अर्जातच तीन ओळी आहेत बघा: श्रोता घरी काय घेऊन जाईल, तीन मुद्दे. त्या तीन ओळी भरून दाखवा. वक्ता दाखवा. मी लगेच हो म्हणतो. माझा विरोध नाहीच मुळी."

विरोध कुणाचाच नव्हता. हीच तर गंमत होती. विरोध असता तर तिला कुठेतरी डोकं आपटता आलं असतं.

गुरुवारी तिने वक्ता शोधला. रायपूरच्या एका प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी 'एआय और रोज़गार: अपार संभावनाएँ' असं नाव सुचवलं आणि चाळीस मिनिटं फोनवरच ते भाषण केलं. तिने आभार मानले. एका जुन्या डेव्हलपरला मेल लिहिली. त्याचं एका ओळीत उत्तर आलं, 'मलाही माहीत नाही. कळलं तर सांगा.' तिला तोच वक्ता म्हणून हवा होता. तो यायला तयार नव्हता.

शुक्रवारी साडेचारला ती अर्ज उघडून बसली. पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा. तिसरा मुद्दा. तीन रिकामे चौकोन. तिने पहिल्यात लिहिलं, 'आपण एकटे नाही.' वाचलं आणि पुसलं. मीटिंगमध्ये असंच बोलतात. दुसऱ्यात लिहिलं, 'कुणालाच माहीत नाही.' ते खरं होतं, म्हणून तेही पुसलं.

देवाजी आतून आले. सत्याहत्तराव्या वर्षीही ते दुपारची झोप झाली की शर्ट पॅंटमध्ये खोचून बाहेर येत, जणू सेकंड शिफ्ट लागली आहे.

"कावून चिडून राहिली वं एवढी? कीबोर्ड फोडशील."

"बाबा, तुमाले कधी वाटलं का, आपलं काम किती वर्ष चालते?"

"वाटाचं काय त्यात? मले जॉइनिंगच्याच दिवशी मालूम होतं कोनत्या तारखेले घरी जाचं. कागदावरच लिवलं होतं."

"आन् त्याच्या आधी मिल बंद झाली असती तर?"

"रेल मिल?" देवाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने सूर्य बंद झाला तर काय असं विचारलं होतं. "रेल मिल कशी बंद होईन? गाड्या कायच्यावरून चालतीन?"

"तसं नाई बाबा. लोक मले विचारून राहिले. त्याईले काय सांगू?"

देवाजी विचारात पडले. खरोखर पडले, त्यांनी खुर्ची ओढली, बसले, गुडघ्यावर हात ठेवले.

"त्याईले इचार," ते शेवटी म्हणाले, "त्याईचे बाप कोनत्या डिपार्टमेंटले होते."

"बाबा!"

"अवं, ओळखीचे निंगतीन येखादवेळेस!" असं म्हणून ते पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी भूपेंद्रचा मेसेज आला: दीदी, कुछ भी डाल दो, नहीं तो स्पॉन्सरवाले को दे रहा हूँ वो एक घंटा. सीरियसली.

तिने चौकोनांकडे पाहिलं. मग याआधी तीन वेळा नाकारला गेलेला अर्ज उघडला, आणि त्यातलं सगळं उचलून इथे टाकलं. विषय: 'साइट बंद पडली, आता काय?' वक्ता: कमलिनी लांजेवार. मुद्दा एक: बॅकअप कसा आणि कुठे ठेवावा. मुद्दा दोन: साइट पूर्ववत करण्याच्या पाच पायऱ्या. मुद्दा तीन: ग्राहकाशी काय बोलावं. पाठवलं. घड्याळात पाच एकोणचाळीस झाले होते.

पाच त्रेचाळीसला धनंजयांचा होकार आला. सोबत लिहिलं होतं, 'क्या बात है ताई! अगदी नेमका विषय. श्रोत्यांना हेच हवंय.' समृद्धीने टाळ्यांचं चित्र पाठवलं. भूपेंद्रने लिहिलं, 'फायनली!!'

चार मिनिटं. ज्या तासासाठी ती तीन आठवडे रात्रंदिवस धुमसत होती, तो चार मिनिटांत तिचा झाला. आणि तो जसाच्या तसा शिकवला तर तिच्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला तो आधीच येत असणार होता. तिला लॅपटॉप मिटून गल्लीत जाऊन कुणाशीतरी भांडावंसं वाटलं. गल्लीत एक गाय होती आणि समोरच्या घरातली गयाबाई पापड काढून घेत होती. दोघींशीही भांडण्याजोगं काही नव्हतं.

सहाला कार्यक्रम जाहीर झाला. सव्वासहाला तिने वही उघडली आणि हर्षाचा नंबर लावला.

"हर्षा, कार्यक्रम आला. हॉल दोन, साडेअकरा वाजता. नाव आहे 'साइट बंद पडली, आता काय?'"

"म्हणजे तुमचंच ना थे? पयले सांगतलं होतं थे?"

"हो."

"बरं," हर्षा म्हणाली. निराशा झाकायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"नावाकडं पाहू नोको," कमलिनी म्हणाली. ती घरचं बोलायला लागली होती हे तिच्या लक्षात आलं नाही. "नाव थेच द्यावं लागलं. दुसरं घेत नवते. थे बॅकअपचं मी धा मिनिटात सांगून टाकते. नाईतर सांगतच नाई. तुमाले सगळ्याइले येते थे. मंग खुर्च्या वळवू आन् तू जे मले विचारलं थे विचार. सगळ्याइच्या समोर."

"मी?"

"तूच."

"आन् मंग तुमी काय सांगसाल?"

"मले मालूम नाई."

"म्हणजे उत्तर नाई तुमच्यापाशी."

"नाई."

"मंग येवढ्या दूर येऊन…" हर्षाने वाक्य सोडलं. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, कुकरबद्दल काहीतरी. ती तिकडे ओरडली, "आली!" मग फोनमध्ये म्हणाली, "किती लोक हाये असे? माझ्यासारखे?"

"त्र्याण्णव. येतीन किती माहीत नाई."

"त्र्याण्णव?" हर्षा म्हणाली. "मले वाटलं मीच. अहिवाऱ्याले पडली म्हणून." पुन्हा हाक आली. "जेवण कधी हाये ताई?"

"साडेबाराले."

"मंग जेवण करून येकची बस भेटते मले. पाहते. नक्की नाई सांगत."

"नक्की नोको सांगू."

फोन बंद झाला. कमलिनीने वहीत हर्षाच्या नावापुढे बरोबरची खूण करायला पेन टेकवला, मग नुसताच एक ठिपका दिला. ब्याण्णव नावं उरली होती, आणि प्रत्येकाला हे असंच, पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. मेसेजमध्ये लिहिलं तर तो कुणीतरी धनंजयांना दाखवणार. तिने चंदनचा नंबर लावला. तो लागला नाही. तिने पुन्हा लावला.